मधुमेही आणि घरचा नैवेद्य



पुण्याहून अहिल्यानगरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, पुण्यापासून सुमारे पन्नास किलोमीटरवर वसलेले रांजणगाव हे महागणपतीचे क्षेत्र म्हणून साऱ्या महाराष्ट्राला परिचित आहे. अष्टविनायकांच्या यात्रेस निघालेल्या भाविकाचे पाय येथे लागतातच. याच गावाची दुसरी ओळख औद्योगिक वसाहतीची. आणि तिसरी ओळख, जिचा उल्लेख क्वचितच होतो, ती उसाची. शिरूर आणि दौंड या दोन्ही तालुक्यांत कालव्याचे व नदीचे पाणी जेथे जेथे पोहोचले, तेथे तेथे ऊस उभा राहिला. दौंडच्या बाजूला गुऱ्हाळांचा धूर आजही दिसतो. ज्या मुलखात काकवी आणि गूळ हे घरचेच धन मानले जाते, त्या मुलखात मधुमेह्याला ‘गोड सोडा’ असे सांगणे सोपे नाही. संकष्टीचा चंद्रोदय झाला, नैवेद्याचे ताट पुढे आले, आणि घरातील कर्त्या माणसाने किंवा आजीने मोदकाकडे पाहून मान फिरवली, तर त्या घरात सणाची गोडी उरत नाही. मग दोनच गोष्टी घडतात. एक तर ते माणूस मन मारून बसते, नाही तर सर्वांची पाठ फिरल्यावर स्वयंपाकघरात जाऊन चार मोदक खाते. यांतील दुसरी गोष्ट अधिक घडते, हे प्रत्येक घराला ठाऊक आहे.

हा प्रश्न थोड्यांचा राहिलेला नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे जे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर उभे आहेत. मधुमेह हा शहरातल्या, बैठ्या कामाच्या, स्थूल माणसाचा रोग, ही समजूतही आता टिकत नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर मातांचा अभ्यास सुरू केला. त्यात आढळले ते असे : या गावांतील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्टन येथील बालकांचे ३.५ किलो. वजनात एवढी तफावत असूनही आपल्या बाळांच्या त्वचेखालची चरबी मात्र त्या प्रमाणात कमी नव्हती. कमी होते ते स्नायू आणि अवयवांचे वजन. दिसायला बारीक, पण अंगात चरबी अधिक, अशी ही घडण पुढे मधुमेहाला अनुकूल ठरते. म्हणून सडपातळ शेतकऱ्यालाही हा रोग जडतो, आणि ‘मी कुठे जाड आहे?’ हा त्याचा प्रश्न त्याला वाचवू शकत नाही.

तेव्हा गोड अजिबात बंद करण्याचा उपदेश बाजूला ठेवून, घरच्या घरी मधुमेह्याला चालेल असे गोडधोड कसे करता येईल, याचा विचार करणे अधिक उपयोगाचे. पण त्याआधी एक गैरसमज दूर केला पाहिजे. कारण बहुतेक घरांत सारा घोटाळा तेथेच होतो.

पदार्थातली साखर काढली म्हणजे तो मधुमेह्याचा झाला, असे गृहिणी समजतात. साखरेऐवजी गूळ घालतात, मध घालतात, खजूर वाटून घालतात, आणि निर्धास्त होतात. गुळात लोह आणि खनिजे थोडी अधिक असतात हे खरे; परंतु गूळ म्हणजे बहुतांशी साखरच होय. मधात सुमारे ऐंशी टक्के साखरच असते, आणि खजुरातही साखरेचाच भाग मोठा. ती नैसर्गिक आहे की कारखान्यातली, हे रक्त विचारीत नाही. ज्यांच्या शेतात ऊस आहे त्यांना हे कटू वाटेल, पण गुऱ्हाळातली ढेप आणि कारखान्यातले पोते यांत मधुमेह्याच्या दृष्टीने फारसा भेद नाही.

याहूनही महत्त्वाची गोष्ट पिठाची. उकडीच्या एका मध्यम मोदकाचे उदाहरण घ्यावे. पारीला तांदळाची पिठी सुमारे १५ ग्रॅम लागते; तिच्यात १२ ग्रॅम पिष्ट असते. सारणात १२ ग्रॅम गूळ धरला तर साखर १० ग्रॅम. ओल्या खोबऱ्याचे पिष्टमय द्रव्य जेमतेम २ ग्रॅम. एकूण २४ ग्रॅम झाले. म्हणजे चहाच्या चमच्याने जवळजवळ पाच चमचे साखर. आता कुणी सारणातला गूळ काढून त्या जागी गोडीची पूड घातली, तरी १४ ग्रॅम उरतातच, कारण पारी जागच्या जागी आहे. तांदळाचे पिष्ट पोटात गेल्यावर लवकरच साखरेत रूपांतरित होते. ‘बिनसाखरेचे’ म्हणून असे पाच मोदक खाणाऱ्याच्या रक्तात सत्तर ग्रॅम साखर उतरते, आणि दुसऱ्या दिवशी तपासणीचा आकडा पाहून तो यंत्राला दोष देतो.

नाचणीचे लाडू, साबुदाण्याची खीर, राजगिऱ्याच्या लाह्यांचे लाडू यांनाही हाच न्याय लागू आहे. नाचणी पौष्टिक आहे, तिच्यात चुना भरपूर आहे. पण तिचा जवळजवळ पाऊणशे टक्के भाग पिष्टमय आहे. साबुदाणा तर निव्वळ पिष्ट. आधीच आपल्या ताटात पिष्टमय अन्नाचा भार मोठा : २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच देशव्यापी पाहणीच्या पुढील भागात भारतीयांच्या आहारातील सुमारे ६२ टक्के उष्मांक पिष्टमय पदार्थांतून येतात असे आढळले. भात, भाकरी, पोळी यांनी भरलेल्या जेवणावर पुन्हा पिठाचेच पक्वान्न वाढले जाते. म्हणून मधुमेह्याच्या गोडधोडात गोडी बदलावी लागते, आणि तिच्याइतकीच पाठीमागची बैठकही बदलावी लागते. पीठ जाऊन तेथे खोबरे, शेंगदाणे, तीळ, बदाम, पनीर, चक्का किंवा दुधीसारखी भाजी यावी लागते.

दुधाच्या बाबतीत एक गंमत ध्यानात ठेवण्याजोगी आहे. एक लिटर दुधात पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅम दुधाची स्वतःची साखर असते. दूध आटवून खवा केला की पाणी जाते, साखर मात्र सारी त्यातच राहते. त्यामुळे साखर न घालता केलेला पेढाही बिनसाखरेचा नसतो. उलट दूध लिंबाने नासवून पनीर केले, किंवा दही बांधून चक्का केला, तर दुधातली बरीचशी साखर निवळीबरोबर निघून जाते. एकाच दुधाचे दोन पदार्थ, एक मधुमेह्याला जड आणि दुसरा हलका. आणि भेद केवळ आटवणे व गाळणे यांचा. निवळी टाकून न देता घरातील इतरांसाठी कणीक भिजवायला वापरावी.

मोदकाचाच नैवेद्य हवा असेल, तर याच पनीराचा करावा. एक लिटर म्हशीचे दूध उकळून, आच बंद करून, लिंबाचा रस थोडा थोडा घालीत नासवावे. पातळ पंचात गाळून, थंड पाण्याने एकदा धुऊन घट्ट पिळावे. सुमारे दोनशे ग्रॅम पनीर मिळते. ते परातीत तळहाताने इतके मळावे की रवाळपणा जाऊन हाताला स्निग्धता लागेल. येथे घाई केली तर मोदक साच्यातून निघताना फुटतात. त्यात सुक्या खोबऱ्याचा भाजलेला बारीक कीस ५० ग्रॅम, बदामाचे कूट २५ ग्रॅम, वेलदोड्याची पूड आणि केशराच्या दोन-चार काड्या घालाव्यात. गोडीची पूड शेवटी. मिश्रण मंद आचेवर तीन-चार मिनिटे परतले, तर जास्तीचे पाणी आटते आणि साच्यात घालता येईल असा गोळा होतो. परतायचे असेल तर गोडी मात्र खाली उतरवल्यावर घालावी. एवढ्यात दहा मोदक होतात. प्रत्येकात पिष्टमय भाग अवघा दोन ग्रॅमच्या आसपास, आणि उष्मांक शंभराच्या घरात. उकडीच्या मोदकाची लुसलुशीत पारी यांत नाही, हे मान्य केलेच पाहिजे. पण ताटात आकार मोदकाचा येतो, वासही वेलदोड्याचा आणि खोबऱ्याचा येतो, आणि घरातल्या मधुमेह्याला सर्वांबरोबर नैवेद्य घेता येतो.

संक्रांतीला अडचण वेगळी. तिळगूळ या शब्दातच गूळ आहे. गूळ नुसती गोडी देत नाही, तो लाडू बांधतो. पाक नाही तर लाडू वळणार कसा? याचे उत्तर शेंगदाण्याच्या तेलात आहे. शंभर ग्रॅम तीळ आणि शंभर ग्रॅम शेंगदाणे वेगवेगळे खमंग भाजावेत. शेंगदाण्यांची साले काढून ते कोमट असतानाच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवावेत. आधी कूट होते, मग त्याला तेल सुटते आणि ते गोळा होऊ लागते. तिळांपैकी निम्मे तसेच वाटून त्यात मिळवावेत, निम्मे अख्खे ठेवावेत. चमचाभर तूप, जायफळ, किंचित मीठ, गोडीची पूड, आणि हाताने घट्ट दाबून बारा लाडू. प्रत्येकात पिष्टमय भाग चार ग्रॅमहून अधिक नाही. गुळाच्या लाडवाइतके हे कडक होत नाहीत, आणि उन्हात मऊ पडतात. मात्र उष्मांक प्रत्येकी शंभराजवळ. कमी पिष्टमय म्हणजे कमी उष्मांक नव्हे. वजन उतरवायचे असलेल्या मधुमेह्याने असे चार लाडू खाल्ले, तर साखर वाढणार नाही कदाचित, वजन नक्की वाढेल.

पाडव्याच्या श्रीखंडाएवढा सोपा पदार्थ दुसरा नाही. एरवी चक्क्याइतकीच साखर त्यात घालतात. म्हणजे वाटीभर श्रीखंडातली अर्धी वाटी साखरच. अर्धा किलो ताज्या दह्याचा रात्रभर बांधलेला चक्का दोनशे-अडीचशे ग्रॅम होतो. साखर विरघळताना चक्क्याला सैल करते. ती नसल्याने हे श्रीखंड घट्ट आणि थोडे कोरडे लागते, म्हणून पुरणयंत्रातून काढताना त्यात दोन चमचे साय मिसळावी. केशर, वेलदोडा, चारोळी नेहमीप्रमाणे. येथे आच लागतच नसल्याने कोणतीही गोडी चालते. सोबतच्या पुऱ्या मात्र गाळाव्यात. बिनसाखरेच्या श्रीखंडाबरोबर आठ पुऱ्या खाणारे मधुमेही काही थोडे नाहीत.

दुधी हलव्याविषयी थोडक्यात. दुधी हे पाण्याने भरलेले, अत्यल्प पिष्टाचे फळ. किसून, पिळून, तुपावर परतून त्यात कुस्करलेले पनीर घातले की खवा लागत नाही. किसण्यापूर्वी दुधीचा तुकडा चाखून पाहावा. कडू लागला तर संपूर्ण फळ फेकून द्यावे. कडू दुधी विषारी असतो, आणि औषध म्हणून त्याचा रस पिणाऱ्यांना जिवावर बेतलेले आहे.

पुरणपोळीचे काय, असा प्रश्न हमखास येतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर पुरणपोळीला पर्याय नाही. बदामाच्या पिठाची आणि गोडीच्या पुडीची पोळी करता येते, पण तिला पुरणपोळी म्हणणे हे होळीच्या सणावर अन्याय करणारे आहे, आणि खर्चही शेतकरी कुटुंबाला न परवडणारा. त्यापेक्षा खऱ्या पोळीचा पाव हिस्सा तुपासह सावकाश खावा, त्या जेवणातला भात व साधी पोळी पूर्ण वगळावी, आणि ताटात भाजी, कोशिंबीर, कटाची आमटी भरपूर घ्यावी. वर्षातून एक-दोनदा असे केल्याने काही बिघडत नाही. बिघडते ते होळीची पोळी आठवडाभर पुरवल्याने.

आता या गोडीच्या पुडींविषयी. सॅकरिनचा शोध १८७९ सालचा, अस्पार्टेमचा १९६५ चा, सुक्रालोजचा १९७६ चा. स्टीव्हिया ही मूळची दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वेकडची वनस्पती; तिच्या पानांपासून काढलेल्या गोडीस भारतात २०१५ साली मान्यता मिळाली. अस्पार्टेम आचेवर ठेवले की त्याची गोडी नाहीशी होते, म्हणून ते शिजणाऱ्या पदार्थात घालणे व्यर्थ. सुक्रालोज साखरेच्या सुमारे सहाशेपट गोड. चिमूटभरही अधिक होते. स्टीव्हियाला मागाहून कडसर चव येते, ती वेलदोडा-जायफळाने झाकली जाते. एरिथ्रिटॉल दिसायला साखरेसारखे, गोडी साखरेच्या सुमारे सत्तर टक्के, जिभेला किंचित गारवा देणारे; प्रमाण वाढले की काहींचे पोट बिघडते. बाजारातल्या कित्येक पुड्यांत गोडीचा अंश अल्प आणि भर म्हणून माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज असते. ही दोन्ही शेवटी साखरच होत. पाकिटावरचा बारीक मजकूर वाचल्यावाचून पुडी विकत घेऊ नये.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या मे महिन्यात अशा गोड्यांचा वापर वजन कमी करण्यासाठी करू नये अशी सूचना केली. ती सूचना आधीच मधुमेह असलेल्यांना उद्देशून नव्हती; तरीही तिच्यातला सावधपणा घेण्यासारखा आहे. एरिथ्रिटॉल आणि हृदयविकार यांचा संबंध असावा असे सुचवणारा एक अभ्यासही त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. तो प्रश्न अद्याप निकालात निघालेला नाही. यास्तव या पुड्या सणावाराच्या पदार्थापुरत्या ठेवाव्यात, रोजच्या चहात ढवळू नयेत. गरोदर स्त्रियांनी त्या डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नयेत, आणि लहान मुलांना तर देऊच नयेत. जीभ थोडी कमी गोडाला सरावली तर पुडीचे प्रमाणही दोन-तीन महिन्यांत निम्म्यावर आणता येते.

यापुढची गोष्ट मात्र स्वयंपाकाची नाही, जिवाची आहे. इन्शुलिन किंवा रक्तशर्करा उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या माणसाने औषध घेतले आणि अन्नातील पिष्टमय भाग एकाएकी कमी केला, तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. अंगाला दरदरून घाम, हातांना कंप, छातीत धडधड, वागण्यात गोंधळ ही त्याची लक्षणे. संकष्टीचा किंवा अंगारकीचा दिवसभराचा उपवास करून, सकाळची गोळी नेहमीप्रमाणे घेऊन, दर्शनाच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या मधुमेह्यावर हा प्रसंग केव्हाही येऊ शकतो. अशा वेळी वर वर्णिलेले मोदक आणि लाडू काहीच कामाचे नाहीत. त्यांत साखरच नाही. पेढाही नको, त्यातील स्निग्धांशामुळे साखर रक्तात सावकाश उतरते. तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यात विरघळवून ताबडतोब पाजावी, पंधरा मिनिटांत उतार न पडल्यास पुन्हा द्यावी, आणि मग काही खायला घालावे. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ दवाखान्यात न्यावे. जे मधुमेही ही औषधे घेतात, त्यांच्या खिशात खऱ्या साखरेची पुडी असलीच पाहिजे. घरात मधुमेह्याचे वेगळे गोडधोड सुरू झाले, की ही पुडी हमखास विसरली जाते.

उपवास करायचाच असेल, तर त्या दिवशीच्या औषधाविषयी आदल्या आठवड्यातच डॉक्टरांना विचारावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ज्या नव्या गोळ्या आता सर्रास दिल्या जातात, त्या घेणाऱ्यांनी पिष्टमय अन्न स्वतःच्या मनाने फार तोडू नये. त्यांना रक्तात आम्ल साठण्याचा धोका संभवतो. मूत्रपिंडाचा विकार जडलेल्यांनी पनीर, शेंगदाणे यांचे प्रमाणही विचारूनच ठरवावे.

एखादा पदार्थ आपल्याला मानवतो की नाही, हे ठरवण्याचा मार्ग सोपा आहे. घरी तपासणीचे यंत्र असेल तर खाण्यापूर्वी एकदा आणि खाल्ल्यानंतर दोन तासांनी एकदा रक्तशर्करा पाहावी व वहीत टिपून ठेवावी. दोन आकड्यांतील अंतर हेच त्या पदार्थाचे प्रमाणपत्र. शेजारणीला मानवलेला लाडू आपल्याला मानवेलच असे नाही. ज्यांच्याकडे यंत्र नाही, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा आयुष्मान आरोग्य मंदिरात तपासणी करून घेता येते. तीस वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेहासाठी तपासणी व्हावी, असा शासनाच्या कार्यक्रमाचा उद्देश आहे. शिरूर तालुक्यातील भगिनींनी स्वतःसाठीही त्याचा लाभ घ्यावा. घरातील पुरुषाची तपासणी होते आणि त्याला पथ्याचे जेवण करून घालणारीची राहून जाते, हे चित्र फार ठिकाणी दिसते.

अखेर बचत गटांसाठी दोन शब्द. रांजणगावात वर्षभर यात्रेकरूंची वर्दळ असते, आणि औद्योगिक वसाहतीतील कामगारवर्गही मोठा आहे. मधुमेह्यांसाठी मिठाई करून विकण्याचा विचार एखाद्या गटाच्या मनात आला तर तो स्वागतार्हच आहे. तथापि खाद्यपदार्थ विकण्यासाठी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक असते. शिवाय ‘शुगर फ्री’ हे शब्द वाटेल तसे छापता येत नाहीत. २०१८ च्या नियमांप्रमाणे शंभर ग्रॅम घन पदार्थात अर्ध्या ग्रॅमहून अधिक साखर असेल, तर तो पदार्थ शुगर फ्री म्हणवता येत नाही. खव्याचा कोणताही पेढा या कसोटीला उतरत नाही; खजुराचा लाडू तर नाहीच नाही. रोग बरा करण्याचा दावा करणेही कायद्याला मान्य नाही. त्याऐवजी वेष्टनावर घटक, त्यांचे प्रमाण आणि एका नगातील पिष्टमय द्रव्य स्पष्ट लिहावे. साखर ही पदार्थ टिकवणारी वस्तू असल्याने, तिच्याविना केलेले पनीराचे मोदक शीतकपाटात ठेवूनही दोन दिवसांच्या आत संपवावे लागतात; करण्याची तारीख वेष्टनावर आलीच पाहिजे. शेंगदाणा-तिळाचे लाडू घट्ट झाकणाच्या डब्यात आठवडाभर राहतात, तेव्हा विक्रीची सुरुवात त्यांच्यापासून करणे सोयीचे.